आजोबांची शेवरोले की मनातली फोर्ड?

प्रश्न: नमस्कार. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये राहते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. पन्नाशी पूर्ण होतेय, म्हणून स्वतःसाठी एक जुनी अमेरिकन गाडी घ्यायचं ठरवलंय. दोन गाड्या बघून ठेवल्यात. दोन्ही 1957 च्या, दोन दारांच्या, हार्डटॉप, म्हणजे छत पक्कं पण बाजूच्या काचांमध्ये खांब नसलेल्या. एक शेवरोले बेल एअर, लालभडक, अगदी नव्यासारखी. मालक म्हणतो, 'सगळं ओरिजिनल आहे, इंजिन व्ही-8.' दुसरी फोर्ड फेअरलेन 500. तिचा रंग विटलाय, पण पहिल्यापासून एकाच घरात आहे. शेवरोलेची किंमत फोर्डच्या जवळजवळ दुप्पट. माझ्या आईचे वडील मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात फिटर होते, 1954 मध्ये कारखाना बंद झाला तोपर्यंत. त्यामुळे माहेरी गाडी म्हणजे शेवरोलेच. नवऱ्याचंही म्हणणं शेवरोलेच घे, उद्या विकायची झाली तर पैसे वसूल होतील. माझं मन मात्र फोर्डवर बसलंय. मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्यालाही ती चालवायची आहे. दोन्ही गाड्यांवर कारखान्यानेच बसवलेल्या नंबरच्या पाट्यांचे फोटो सोबत पाठवतेय. काय करावं?

उत्तर:

नमस्कार. पाट्यांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट त्या फोटोंत आहे.

शेवरोलेच्या दाराच्या खांबावरची पाटी पुन्हा एकदा नीट वाचा. नंबर सुरू होतो 'बी 57 एफ' असा. 1957 च्या शेवरोलेमध्ये व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन असेल तर नंबरच्या सुरुवातीला व्ही असतो, सहा सिलिंडरचं इंजिन असेल तर नसतो. त्यानंतरचं अक्षर गाडीचा दर्जा सांगतं. ए म्हणजे सगळ्यात साधी 150, बी म्हणजे मधली 210 आणि सी म्हणजे बेल एअर. शेवटचा एफ हा फ्लिंटच्या कारखान्याचा. तुम्हाला दाखवलेली गाडी खरोखर व्ही-8 बेल एअर असती तर पाटीवर 'व्हीसी 57' दिसलं असतं. ही गाडी फ्लिंटच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती सहा सिलिंडरची 210 होती. बेल एअरचा साज आणि व्ही-8 इंजिन हे दोन्ही तिच्यावर नंतर चढलंय.

खात्री करून घ्यायची असेल तर बॉनेट उघडायला सांगा. इंजिनमागच्या पत्र्यावर आणखी एक छोटी पाटी असते. दोन दारांच्या बेल एअर हार्डटॉपवर तिथे 'स्टाइल' या शब्दापुढे 57-1037डी असतं. शेवटचा डी नसेल तर ती 210. ही पाटी जागेवर नसली किंवा तिचे रिव्हेट नवेकोरे दिसले, तर जे समजायचं ते समजून घ्या.

मालक लबाडच आहे असं मी म्हणत नाही. त्यानेही ती बेल एअर म्हणूनच घेतली असेल. हा साज चढवणं सोपं आहे, कारण मागच्या पंखावरची रेघारेघांची ॲल्युमिनियमची पट्टी, सोनेरी जाळी, सोनेरी अक्षरातलं नाव, सगळं आजही नवं बनवून विकलं जातं. 210 मध्येही दोन दारांची हार्डटॉप निघत होती, त्यामुळे पत्र्याला हातही लावावा लागत नाही. गाडी म्हणून तिच्यात काही खोट आहे असंही नाही. पण अस्सल बेल एअरचा भाव तिला देऊ नका. नवऱ्याचं 'विकताना पैसे वसूल होतील' हे म्हणणं बेल एअरच्या बाबतीत खरं आहे, या गाडीच्या बाबतीत नाही. उद्या तुमच्याकडून घेणाराही हीच पाटी वाचेल.

आता फोर्डची पाटी. तिच्यावर पहिलं अक्षर डी, पुढे 7. फोर्डच्या त्या वर्षीच्या नंबरात पहिलं अक्षर इंजिनचं असतं आणि डी म्हणजे 312 घनइंचाचं, चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरचं व्ही-8. 245 हॉर्सपॉवर. म्हणजे तुम्हाला आवडलेली विटक्या रंगाची गाडी ही त्या वर्षीच्या फेअरलेनमधल्या चांगल्या इंजिनांपैकी एक घेऊन आलेली आहे. मालकाने हे तुम्हाला सांगितलं होतं का? पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून विचारतोय.

पाट्या थोडा वेळ बाजूला ठेवू. समजा दोन्ही गाड्या अस्सल असत्या, तर कुठली घ्यावी? कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे, आणि माझ्या मते या दोन गाड्यांची तुलना करताना बहुतेक लोक एक गोष्ट विसरतात. 1957 मध्ये नवी गाडी फोर्डची होती. शेवरोले जुनी होती.

शेवरोलेचा हा सांगाडा 1955 चा. तेव्हा तो आणि त्यासोबत आलेलं छोटं व्ही-8 इंजिन या दोन्ही गोष्टींनी बाजारात खळबळ उडवली होती. 1957 मध्ये त्याच सांगाड्याला तिसऱ्या वर्षी नवे पंख, नवी जाळी आणि 283 घनइंचापर्यंत वाढवलेलं इंजिन दिलं गेलं. फोर्डने त्या वर्षी सगळंच बदललं. चासिसच्या बाजूच्या दांड्या बाहेरच्या अंगाला फुगवून दाराखालच्या पत्र्यापर्यंत नेल्या, त्यामुळे मधली जमीन खाली उतरली आणि आत बसायची जागा कमी न करता छत खाली आणता आलं. फेअरलेनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 118 इंच, शेवरोलेचं 115. ग्राहकांनी दाद दिली. 1957 च्या मॉडेलच्या फोर्ड सुमारे 16 लाख 70 हजार निघाल्या, शेवरोले सुमारे 15 लाख. त्या वर्षी शोरूममध्ये दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून बघणाऱ्याला शेवरोले उंच, आखूड आणि जरा मागच्या पिढीची वाटली असणार.

मग आज उलटं का झालं? ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, गेला असाल तर तुम्ही पाहिलंच असेल. 57 ची बेल एअर थोड्याथोड्या वेळाने समोरून जाते. 57 ची फेअरलेन शोधावी लागते.

याला दोन कारणं. पहिलं गंज. त्या वर्षीच्या फोर्डचा पत्रा लवकर सडायचा. मिशिगनसारख्या, रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यात तर दाराखालचे भाग आणि चासिसच्या त्याच फुगवलेल्या दांड्या आतून खाऊन जायच्या. लाखो गाड्या भंगारात गेल्या. शेवरोलेही गंजते, हेडलाइटच्या वरची भिवई, डिकीचा तळ, मागच्या चाकांच्या मागचा पत्रा हे तिचे दुखरे भाग, पण त्या मानाने ती टिकली.

दुसरं कारण इंजिन. शेवरोलेचं छोटं व्ही-8 इतकं हलकं, साधं आणि सोसणारं निघालं की साठच्या दशकात जुनी शेवरोले स्वस्तात घ्यायची आणि स्वतःच्या हाताने वेगवान करायची, हा अमेरिकेतल्या पोरांचा छंदच झाला. त्या इंजिनाचा वंश दशकानुदशकं चालला. 2011 मध्ये जनरल मोटर्सने दहा कोटीवं 'स्मॉल ब्लॉक', म्हणजे याच वंशाचं छोटं व्ही-8, बनवलं. त्यामुळे 283 चा कुठलाही भाग आज तुमच्या गावातल्या दुकानात सांगून ठेवला की येतो. अख्खी बॉडी नव्या पत्र्याची बनवून मिळते. ज्यांच्या तारुण्यात ती गाडी होती त्यांनी हातात पैसा आल्यावर तीच परत विकत घेतली. म्हणजे शेवरोलेची आजची किंमत ही 1957 सालच्या गुणांची किंमत नाही. नंतरच्या साठ-सत्तर वर्षांच्या प्रेमाची आहे. त्यात वाईट काही नाही, पण पैसे कशाचे देतोय ते माहीत असावं.

चालवायला दोन्ही गाड्या किती वेगळ्या आहेत हे पंधरा मिनिटांत कळतं. शेवरोलेत तुम्ही उंच बसता, चारही कोपरे दिसतात, गाडी शहरात सहज वळते. फेअरलेन लांब, रुंद आणि सैल अंगाची. सरळ मोकळ्या रस्त्यावर ती जशी तरंगत जाते तशी शेवरोले जात नाही. ऑटोमॅटिक असेल तर फोर्डला तीन गिअर, शेवरोलेच्या पॉवरग्लाइडला दोनच. पॉवरग्लाइड मात्र कधी दगा देत नाही. त्याच वर्षी शेवरोलेने टर्बोग्लाइड नावाचा नवा ऑटोमॅटिकही आणला होता, तो गाडीत असेल तर मी दुसरी गाडी बघेन. जाता जाता, तुमच्या गॅरेजची खोली मोजून घ्या. फेअरलेन सतरा फूट चार इंचांच्या आसपास आहे, शेवरोलेपेक्षा सात-आठ इंचांनी लांब. भिंतीला लावलेल्या फळ्या काढाव्या लागतील.

आता फोर्ड बघायला पुन्हा जाल तेव्हाचं. हे मी जरा सविस्तर लिहितो, कारण निर्णय इथे होणार आहे.

आदल्या दिवशी मालकाला फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं ते तुम्हाला स्वतः ऐकायचंय. बॉनेट पुढच्या बाजूला बिजागरीवर आहे, म्हणजे ते काचेकडून उघडतं, तेव्हा इंजिनात डोकावायचं तर बाजूने वाकावं लागेल. गाडी सुरू झाल्यावर वरून टकटक येते का ते ऐका. वाय-ब्लॉक नावाने ओळखल्या जाणाऱ्या फोर्डच्या या व्ही-8 इंजिनाचा एक जुना, सगळ्या मेकॅनिकांना ठाऊक असलेला रोग आहे. वरच्या रॉकर शाफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर ज्यावर हलतात त्या दांड्याला, तेल जातं ते कॅमशाफ्टच्या मधल्या बेअरिंगपासून निघणाऱ्या एका अरुंद वाटेने. त्या काळच्या तेलाचा गाळ त्या वाटेत बसतो आणि वरचे भाग कोरडे चालत राहतात, झिजतात.

म्हणून इंजिन चांगलं गरम होऊ द्या, मग मालकाच्या परवानगीने दोन्ही बाजूंची व्हॉल्व्ह कव्हर काढायला लावा आणि इंजिन मंद चालू ठेवून बघा. प्रत्येक रॉकरवर तेल पाझरताना दिसलं पाहिजे, नुसतं ओलसर नव्हे. एक बाजू तेलाने चमकतेय आणि दुसरी बाजू सुकी, काळपट, असं दिसलं तर रोग आहे. काही गाड्यांना बाहेरून तांब्याची नळी टाकून वर तेल नेलेलं असतं. ते ठिगळ आहे. अशी गाडी चालते, पण मग भाव त्या हिशेबाने करायचा, इंजिन एकदा खोलायचंच असं धरून.

मालकाने कव्हर काढू दिलं नाही तर? तर तसं सांगून परत या. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला न बघता घ्यायला कुणी लावू शकत नाही.

मग पत्रा. विटका रंग ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे, कारण ताज्या रंगाखाली पुट्टी किती आहे ते दिसत नाही आणि जुन्या रंगाखाली लपवायला कुणी काही केलेलं नसतं. तरी एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या भागावर, दारांच्या तळाशी, मागच्या चाकांभोवती फिरवा. जिथे तो पकड सोडतो तिथे पुट्टी आहे. आतली चटई उचलून जमीन बघा, डिकीचा तळ बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी लिफ्टवर घेऊन चासिसच्या बाजूच्या दांड्यांना स्क्रू-ड्रायव्हरने ठोकत चला. टणक आवाज आला तर ठीक. बोथट आवाज आला, खपल्या पडल्या किंवा टोक आत गेलं, तर या गाडीचा विचार सोडून द्या, मन कितीही बसलेलं असो. पत्रा बदलता येतो, सडलेली चासिस घेऊन सुरुवात करू नये. पहिल्या जुन्या गाडीला तर मुळीच नाही.

आणखी एक. फेअरलेन 500 च्या अंगावर जी सोनेरी पोटाची स्टीलची पट्टी धावते तिचा प्रत्येक तुकडा जागेवर आहे का, दबलेला नाही ना, हे मोजून बघा. इंजिनाचे भाग फोर्डचेही मिळतात. या पट्ट्या, काचेभोवतीच्या कडा, आतली हँडलं मिळवायला मात्र महिने जातात, आणि शेवरोलेवाल्यांसारखा एक फोन करून काम होत नाही. फोर्ड घेणाऱ्याने ही वाट बघायची तयारी ठेवावी. पण मला वाटतं तुमच्या स्वभावाला ते जमेल, कारण रंग विटलेला असूनही तुमचं मन तिच्यावरच बसलंय.

मुलाबद्दल मला स्पष्ट बोलायला हवं. सोळा वर्षांच्या मुलाने या दोन्हींपैकी कुठलीही गाडी एकट्याने हायवेवर नेऊ नये. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्या ब्रेकांना मिळून एकच तेलाची वाट. एक नळी फुटली की पेडल जमिनीला टेकतं आणि एकही ब्रेक लागत नाही. दोन स्वतंत्र वाटांचे ब्रेक अमेरिकन गाड्यांत सरसकट आले ते 1967 च्या सुमाराला. स्टिअरिंगचा दांडा धडकेत आत दुमडत नाही, तो सरळ छातीकडे येतो. या एका बाबतीत फोर्ड थोडी पुढे होती. 1956 पासून कंपनीने मध्यभाग खोल असलेलं स्टिअरिंगचं चाक आणि दारांना धक्क्याने न उघडणाऱ्या कड्या दिल्या, सीट बेल्ट वेगळे पैसे भरून मिळायचे. पण म्हणून ती आजच्या अर्थाने सुरक्षित होत नाही.

गाडी घेतल्यावर पहिला खर्च रंगावर करू नका. ब्रेकना दोन स्वतंत्र वाटा देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर, नव्या ब्रेकच्या नळ्या, पुढे-मागे सीट बेल्ट, नवे टायर. हे सगळं मुलाच्या हाताने करून घ्या, तुम्ही शेजारी उभ्या राहून. ब्रेकची हवा काढताना एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने खाली पडून नट सोडायचा, हे काम दोघांचंच आहे. मग तुम्ही शेजारी बसलेल्या असताना, कोरड्या रस्त्यावर, दिवसाउजेडी त्याला चालवू द्या. पाऊस असेल तर नाही, कारण वायपर इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालतात आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मंदावतात.

आजोबांचा विषय मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला.

शिवडीच्या कारखान्यात 1928 पासून खोक्यांतून सुटे भाग येत आणि गाड्या जुळवल्या जात. 1953 मध्ये सरकारने धोरण ठरवलं की जे देशात भाग बनवणार नाहीत त्यांनी नुसती जुळणी करू नये, आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. फोर्डनेही त्याच सुमारास भारतातली जुळणी थांबवली. म्हणजे 57 ची शेवरोले शिवडीत कधीच जुळली नाही. आजोबांच्या हाताखालून ज्या गेल्या त्या 1954 पर्यंतच्या, छोटं व्ही-8 यायच्या आधीच्या, सहा सिलिंडरच्या शेवरोले. त्यांच्यासाठी म्हणून गाडी घ्यायची असेल तर ती 1950 ते 54 मधली साधी, चार दारांची शेवरोले. अशा गाड्या बेल एअरच्या मानाने बऱ्याच स्वस्तात मिळतात. पुढे-मागे दुसरी गाडी घ्यायची इच्छा झाली तर ती जरूर शोधा. माझ्या मते ती या लाल गाडीपेक्षा आजोबांच्या कितीतरी जवळची असेल. पण पन्नाशीची भेट ही तुमची तुम्हाला आहे, तिच्यात माहेरचं ऋण फेडायला जाऊ नका. फिटर म्हणून काम केलेला माणूस नातीला इतकंच विचारेल, गाडी खालून बघितलीस का?

नवऱ्यालाही सोबत न्या आणि दोन्ही पाट्या त्यांच्यासमोर वाचा. शेवरोलेचा मालक 210 च्या भावाला तयार झाला आणि तुम्हाला जास्त चालवायची, कमी शोधायची गाडी हवी असेल, तर तीही वाईट निवड नाही. कुठल्याही गावात, कुठल्याही मेकॅनिककडे तिचं काम होईल. पण तुम्ही मला कुठली घेऊ असं विचारलंत. चासिस टणक निघाली आणि दोन्ही रॉकर शाफ्टवर तेल दिसलं, तर फोर्ड घ्या. ती तिच्या वर्षातली जास्त नवी, जास्त धाडसी गाडी होती, तिचे कागद आणि तिचं अंग एकच गोष्ट सांगतात, आणि तुमचं मन आधीच तिच्यावर आहे.

विम्याचं काम गाडी ताब्यात घ्यायच्या आदल्या दिवशी उरकून ठेवा. जुन्या गाड्यांचा वेगळा विमा असतो, त्यात गाडीची किंमत आधी ठरवून लिहून घेतात, तसाच घ्या. मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांना मिळणारी ऐतिहासिक नंबरपाटी स्वस्त पडते, पण तिच्यावर रोजच्या वापराला बंधनं आहेत, तेव्हा मुलाला शिकवायचंय हे लक्षात घेऊन ठरवा. आणि व्यवहार थंडीआधी करा, रस्त्यावर मीठ पडायला लागलं की ती गाडी चालवत घरी आणू नका, ट्रेलरवर आणा.